डबल घंटीशिवाय उठू नये

आमचे घरमालक कुणाच्याही घरी गेले की आधी जमीन पाहत, मग माणूस. बसा म्हटलं तरी बसत नसत. फरशीवर तळपाय घासत दोन पावलं जात, कोपऱ्यातली चटई अंगठ्याने उचलून बघत, न्हाणीघराच्या दारातून आत डोकावत आणि मग परत येऊन विचारत, "घरात साठीच्या वरतं कोणी हाय का जी?" हो म्हटलं की चेहरा गंभीर व्हायचा. नाही म्हटलं तर म्हणायचे, "होईन. कधी ना कधी होईनच ना!" चहा यानंतर यायचा, आणि तो कुणालाच गोड लागायचा नाही.

साकोलीजवळच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा मी यांच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला गेले. खोल्या दाखवण्याआधी त्यांनी मला जिना दाखवला. चौदा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीच्या काठावर पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा. मी सवयीने भराभरा चढून गेले, तर खालून आवाज आला, "मॅडम, उतरा. कठडा धरून परत चढा." मी तेहतीस वर्षांची बाई, अख्ख्या चौथीच्या वर्गाला एका डोळ्याने गप्प बसवणारी. मुकाट्याने उतरले आणि कठडा धरून परत चढले. त्या घरात मी पुढे चार वर्षं काढली, आणि एकदाही जिन्यावरून पळाले नाही.

सगळा वार्ड त्यांना काकाजी म्हणायचा, म्हणून मीही. काकाजी एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. "अठ्ठावीस वर्सं, मॅडम. एक कोंबडी नाई. बकरीची शेपटी नाई." नागझिऱ्याच्या बाजूला जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं आलं तेव्हा ब्रेक कसा दाबला आणि मागच्या सीटवरच्या बाईच्या टोपलीतलं एक अंडंसुद्धा कसं फुटलं नाही, ही गोष्ट मी निदान वीसदा ऐकली असेल. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांच्या खिशावर कायम लावलेला असायचा. बाजारात, विहारात, लग्नाला, मयतीला. एकदा सदरा वाळत होता तर तो बनियनवर लावलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

रिटायर झाल्यावर हातातलं स्टिअरिंग गेलं, पण प्रवासी काही सुटले नाहीत. वार्डातल्या समस्त म्हाताऱ्या माणसांना त्यांनी परस्पर आपल्या गाडीत बसवून घेतलं. गुडघे म्हणजे शॉकअप, डोळे म्हणजे हेडलाइट, चप्पल म्हणजे टायर. झोपेतून उठलं की एकदम उभं राहायचं नाही, आधी काठावर बसायचं, इंजिन गरम होऊ द्यायचं. "घाई हेच एक दुखणं हाय, मॅडम. बाकीचे दुखणे तिचे लेकरं." आणि दुसरं एक: "फोन वाजला म्हणून पळू नोका. फोन परत येते, कंबर परत येत नाई." मला त्यांचा राग यायचा तो याचाच, की माणूस बोलायचा ते बरोबर असायचं.

काकाजी मयतीच्या घरी गेले तर "कसे गेले" असं विचारत नसत, "कोठी पडले" असं विचारत. मुलगा बिचारा रडत सांगायचा की हार्ट अटॅक होता, रात्री जेवले, झोपले आणि सकाळी... काकाजी मान हलवत. "त्याच्या आंधी कोठीतरी पाय सरकला असंन. तुमी पाह्यलं नसंन."

त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे बुद्धपौर्णिमेचं. विहारात वंदना चालू होती, नंतर खीर होती, आणि काकाजी स्वतःहून बाहेर चपलांवर लक्ष ठेवायला बसले. लोकांना वाटलं, केवढा हा सेवाभाव. खीर खाऊन मंडळी बाहेर आली तर अकरा जोड चपलांचे पट्टे कापलेले. काकाजी हातात चाकू घेऊन शांतपणे बसलेले. "टायर गोटा झालते," ते म्हणाले. "अशावर माणूस रोडवर सोडता येत नाई."

वैशाख महिना, दुपारचे बारा, भंडारा जिल्ह्याचं ऊन. डांबर पाघळायला आलेलं. साठीपासून ऐंशीपर्यंतचे अकरा जण अनवाणी रस्त्यावरून लाह्यांसारखे उडत सावली गाठायला पळाले. आयुष्यात धावले नसतील असे धावले. त्यात एक रिटायर तलाठी नालीच्या काठावर पाय मुरगळून बसले ते पंधरा दिवस बसूनच राहिले. काकाजी त्यांना भेटायला गेले, सुजलेला पाय पाहिला आणि म्हणाले, "पाहा. घाई!" तलाठ्यांच्या सुनेने यांना फाटकाबाहेर काढलं, ते मी सोडून सगळ्या वार्डाने पाहिलं. मी सुट्टीत गावी गेले होते, याची हळहळ अजून आहे.

आता काकूंविषयी सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

काकू मोहाडी तालुक्यातल्या करडीच्या. उंची चार फूट दहा इंच, तीही अंबाडा धरून. लग्नाआधी आणि लग्नानंतरही कित्येक वर्षं कापूस-पऱ्हाटी नाही, धानाचंच काम. रोवणीच्या दिवसांत पोटरीभर चिखलात दिवसभर वाकून उलटं उलटं सरकत जायचं, डोक्यावर भारा घेऊन वीतभर रुंद धुऱ्यावरून चालायचं. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला, भाताच्या दोन खाचरांमधला, बांध. पाऊस पडला की साबणासारखा होतो. "त्याच्यावर नाई पडली मी कधी," काकू सांगायच्या. "माह्या आंगावर लेकरू होतं, तरी नाई." अशी ही बाई सदुसष्टाव्या वर्षी पडली ती स्वतःच्या न्हाणीघरात. सगळ्या वार्डाला टाईल्सचे धोके सांगत फिरणाऱ्या माणसाच्या घरात सगळ्यात गुळगुळीत टाईल्स होत्या, मुलीच्या लग्नाच्या वेळी हौसेने बसवलेल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या दिवशी मी तिथे होते. होळी होऊन चार-पाच दिवस झाले होते. शाळेतून येऊन मी खाली ओट्यावर बसले होते आणि काकाजी रानडुकराची गोष्ट सांगत होते. आतून धप्प असा आवाज आला. काकाजी थांबले. म्हणाले, "मांजर असंन. हां, तं मी का सांगत होतो?" आणि मी म्हटलं, "ब्रेक दाबला." हे मला अजून खातं. आवाज मांजराचा नाही, हे मला समजलं होतं. पण माणूस रंगात आला होता, मध्येच कसं उठायचं, म्हणून मी बसून राहिले. गोष्ट संपायला पंधरा-वीस मिनिटं लागली, कारण ती अंड्यांपर्यंत न्यावी लागायची. मग ते पाणी प्यायला आत गेले.

काकू न्हाणीघरात कुशीवर पडलेल्या होत्या. मनगट वाकडं झालेलं. शुद्धीवर होत्या, डोळे उघडे. काकाजींनी विचारलं, "हाक काहून नाई मारली?" तर काकू म्हणाल्या, "मॅडम बसल्या होत्या ना बाहेर. पाहुण्यासमोर का बोंबलू?"

मनगटाला प्लास्टर लागलं. कंबर वाचली. पण त्या दिवसानंतर काकाजींच्या खिशावर बिल्ला दिसला नाही. विनाअपघात सेवा संपली होती, आणि अपघात झाला तेव्हा ड्रायव्हर आपलं कौतुक सांगत बसला होता. त्या माणसाला यापेक्षा जास्त कुणी सुनवायची गरजच नव्हती.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते पाहून वार्डातल्या बायका म्हणाल्या, नवरा असावा तर असा. भंगारवाल्याकडून त्यांनी एका मोडीत निघालेल्या गाडीचे दांडे आणले, ते वरचे, उभ्या प्रवाशांनी धरायचे. वेल्डिंगवाल्याकडून ते पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून न्हाणीघरापर्यंत लावून घेतले. मजबूत काम. फक्त एक झालं, दांडे त्यांनी गाडीत असतात त्याच उंचीला लावले. काकूंचा हात तिथवर पोचायला त्यांना आधी स्टुलावर चढावं लागलं असतं. हे लक्षात आल्यावर काकाजींनी दांड्यांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या लोंबकळत्या बांधल्या. धरल्या की त्या झुलायच्या, आणि काकू त्यांच्याबरोबर. शेवटी त्यांवर टॉवेल वाळत घालायला लागलो.

मग घंटी आली. पलंगाच्या डोक्यापासून स्वयंपाकघरापर्यंत दोरी, आणि टोकाला पितळेची घंटी. एक घंटी म्हणजे थांब. डबल घंटी म्हणजे चला. काकूंना उठायचं असेल तर त्यांनी आधी सांगायचं. मग काकाजी येणार, जमीन पाहणार, ओलं आहे का, चप्पल आडवी आहे का, काकूंचा पदर कुठे अडकलाय का, आणि सगळं ठीक असलं की दोरी दोनदा ओढणार. टिंग टिंग. त्याशिवाय उठायचं नाही. हा नियम त्यांनी खडूने भिंतीवरही लिहून ठेवला होता.

हळूहळू काकूंना उठायचं कामच राहिलं नाही. खिडकीजवळ फायबरची खुर्ची आली. झाडू काकाजींनी घेतला, पोछा काकाजींनी घेतला, भात आणि वरण काकाजी करू लागले. भात बरा व्हायचा. बागेतल्या वांग्याला पाणीसुद्धा काकूंनी खुर्चीतून दाखवायचं आणि काकाजींनी घालायचं. प्लास्टर निघालं तेव्हा दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी मुलगी स्पष्ट म्हणाली, "काकाजी, मावशींना बसवून ठेवू नका. पायातली ताकद गेली तर त्या हमखास परत पडतील. रोज चालवा. खुर्चीतून हात न टेकता उठू द्या. आणि पडल्यावर उठायचं कसं, तेही शिकवा." काकाजींनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पोरगी हुशार हाय. पन तिले लायसन भेटून दोनच वर्सं झाले असंन."

आषाढ येईपर्यंत काकूंना खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागायला लागले. श्रावणात हात टेकून, एकदा हेलकावा घेऊन. पोटऱ्या पाहिल्या तर काडीसारख्या. इतकी वर्षं रोवणी केलेल्या बाईच्या पोटऱ्या त्या! काकाजी म्हणायचे, "पडली का एकदा तरी? नाई ना?" खरंच नव्हत्या पडल्या. पडायला आधी उभं राहावं लागतं.

पोळा झाल्यावर एक दिवस काकूंनी मला खालून हाक मारली. काकाजी रोज संध्याकाळी पाच वाजता बसस्टँडवर जायचे. गाड्या वेळेवर येतात का, नवीन पोरं रिव्हर्स कशी घेतात, हे पाहायला. पूर्वी तासभर रमायचे, आता काकूंच्या काळजीने अर्ध्या तासात परत यायचे. तेवढाच वेळ होता. काकू म्हणाल्या, "दार लाव. मले जमिनीवर बसायचं हाय."

"आणि उठायचं कसं?"

"तेच तं शिकायचं हाय. ती दवाखान्यातली पोरगी बोलली ना. तू पन आयकलं, मी पन आयकलं. तेईनं आयकलं नाई."

पहिल्या दिवशी पलंग धरून त्या खाली बसल्या आणि बसूनच राहिल्या. कुशीवर वळा म्हटलं, वळल्या. कोपर टेका, टेकलं. गुडघ्यावर या म्हटलं तर येईनात. मी ओढायला गेले तर मलाच धाप लागली. घड्याळात पाच पंचवीस. मला रडू यायचं बाकी, आणि या मेल्या हसतायत! "माय वो, पाय कोणाचा हाय हा? माहा तं नाई वाटत!" शेवटी बगलेत हात घालून मी त्यांना पलंगावर लोटलं, केस सारखे केले, आणि काकाजी दारात आले तेव्हा आम्ही दोघी वांगी चिरत होतो.

त्यानंतर रोज. चोरासारखं. कुशीवर, कोपरावर, दोन्ही हात टेकून गुडघ्यांवर, मग समोरच्या लाकडी पाटावर तळवे, एक पाऊल पुढे आणि वर. नवरात्रात त्या एकट्या उठल्या. मी टाळ्या वाजवल्या तर म्हणाल्या, हळू वाजव. मी म्हटलं, आता काकाजींना सांगू या, त्यांना बरं वाटेल. काकूंनी हात जोडले. "नोको बापा. सांगशीन तं तेबी घंटीवर होईन."

दिवाळीच्या आधी करडीहून काकूंच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. काकूंपेक्षा बारा वर्षांनी मोठी. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाचा आपला दिवस. जिलेबी, पाळणे, दंडारीचा नाच, नाटक. सासरी गेलेल्या बायका स्वतः आज्या झाल्या तरी त्या दिवशी माहेरी जातात. काकूंनी एकही मंडई चुकवली नव्हती. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे बहीण काय म्हणाली ते आम्ही तिघांनीही ऐकलं. "ये वो बाई. पुढच्या मंडईचा मले भरोसा नाई."

"नाई," काकाजी म्हणाले, फोन बंद व्हायच्या आधीच. "गर्दी. ढकलाढकल. खड्डे. तिले आपन इथंच बोलावू."

"ऐंशीची हाय ते," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच तं! तिनंबी फिरू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजींनी जमीन पाहिली, पदर पाहिला आणि डबल घंटी दिली. काकू खुर्चीतून हलल्या नाहीत. परत दिली. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "का झालं?" काकाजींनी विचारलं.

"गाडी फेल हाय," काकू म्हणाल्या.

दोन दिवस घंट्या वाजत राहिल्या. वरच्या खोलीत मला पेपर तपासणं अशक्य झालं. न्हाणीघराला जायचं तेवढं त्या उठत, तेही घंटी न ऐकता, आणि परत येऊन बसत. जेवण अर्धं. बोलणं नाही. तिसऱ्या दिवशी काकाजी कठडा धरून चौदा पायऱ्या चढून वर आले आणि माझ्या दारात उभे राहिले. माझ्या फरशीकडे पाहिलंसुद्धा नाही, तेव्हाच मला समजलं की माणूस हादरला आहे.

"मॅडम, तिले समजवा. तुमचं आयकते ते."

त्या दिवशी माझं डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, "काकाजी, मला एक सांगा. एखादी गाडी सहा महिने डेपोत उभी राहिली, तर तिचं काय होतं?"

गाडीचं नाव निघालं तशी त्यांची कळी खुलली. खुर्ची ओढून बसले. "सत्यानाश होते! बॅटरी उतरते. टायर एका बाजूनं चपटे होतात. ब्रेक जाम होते. उंदरं वायरी खाऊन टाकतात. आणि मंग एक दिवस रोडवर काढली ना, तं पहिल्याच चढावर..."

तिथे थांबले. खाली कुणाची तरी दुचाकी सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत होता. मग म्हणाले, "पन मानूस गाडी नाई ना, मॅडम."

अठ्ठावीस वर्षं आणि वर दहा वर्षं ज्याने अख्ख्या वार्डाला माणूस म्हणजे गाडीच हे पटवलं, तो हे बोलला! ते उठले. जाताना दारात वळले आणि अगदी हळू म्हणाले, "परत पडली आणि मी तिथं नसलो तं? का असलो आणि आयकूच आलं नाई तं?"

काकू पडल्या त्या दिवशी ओट्यावर आम्ही दोघंही होतो.

दोन दिवसांनी त्यांनी काकूंसाठी जाड रबरी तळाचे, पट्ट्याने चिकटणारे बूट आणले आणि मंडईला जायला एकच अट घातली, मॅडम बरोबर पाहिजेत. शाळेला दिवाळीची सुट्टी होती. मी निघाले.

करडीला उतरलो तर गाव नुसतं उसळलेलं. दोन लाऊडस्पीकर दोन वेगळी गाणी लावून भांडत होते. फुगेवाले, शेवचिवडा, बांगड्या, आणि घरोघर पाहुणे. काकूंची बहीण पाठीत वाकलेली, हातात काठी, पायात काहीही नाही, आम्हाला न्यायला स्वतः आली होती. तिचं घर गावाच्या पलीकडच्या टोकाला. रस्ते दोन. एक मंडईच्या गर्दीतून, दुसरा बांध्यांमधून, धुऱ्याधुऱ्याने. काकाजींनी दोन्हींकडे पाहिलं. गर्दीकडे बघून म्हणाले, "ओव्हरलोड हाय." मग धुऱ्याकडे बघून म्हणाले, "सिंगल रोड हाय. साइडपट्टी नाई." आणि बऱ्याच विचाराअंती त्यांनी स्वतः धुरा निवडला. हे मुद्दाम सांगते.

पुढे बहीण, मागे काकू, त्यांच्यामागे दोन्ही हात पसरून काकाजी, आणि शेवटी पिशव्या घेऊन मी. धान कापून झालं होतं, कुठे कुठे कापल्या धानाच्या कडपा पडलेल्या, आणि उभ्या खुंटांमधून पेरलेलं लाखोळीचं कडधान्य हिरवं झालं होतं. जमीन अजून ओली. वीस-पंचवीस पावलं गेल्यावर काकू थांबल्या, वाकल्या आणि बूट काढून माझ्या हातात दिले. "याच्यात जमीन समजत नाई," म्हणाल्या. काकाजींनी तोंड उघडलं, बहिणीकडे पाहिलं आणि मिटलं.

आणि काकू चालायला लागल्या. मी त्यांना तसं चालताना कधीच पाहिलं नव्हतं. पायाची बोटं गवतात रुतवत, अंग जरासं आत झुकवत, बहिणीशी मोठमोठ्याने बोलत. कोण मेलं, कुणाची पोरगी नागपूरला नर्स झाली, कुणाची बांधी कुणी घेतली. काकाजी मागून पुटपुटत होते, "हळू... हळू... पुढं वळण हाय..." आणि कुणीही ऐकत नव्हतं.

एका ठिकाणी पाणी काढायला धुरा तोडलेला होता. हातभर फट. बहीण ओलांडून गेली. काकूंनी पाय टाकला, पलीकडची माती सुटली आणि त्या बाजूच्या बांधीत, लाखोळीत, कुशीवर पडल्या. धप्प आवाज झाला. तोच आवाज. माझ्या हातातल्या पिशव्या सुटल्या.

काकाजी खाली झेपावले, तसा काकूंनी पडल्या पडल्याच हात वर केला, तळवा त्यांच्याकडे करून.

"हात नोको. जागा द्या."

"लागलं का? कंबर? कंबर हालव..."

"काही लागलं नाई. जागा द्या म्हणते ना!"

काकाजी सरकले. एक पाऊल मागे, मग आणखी एक. हात पुढे जात होते म्हणून त्यांनी ते पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसरा घट्ट धरून ठेवला. उजवा पाय चिखलात दाबलेला, ब्रेकवर असावा तसा. बहीण काठीवर हनुवटी टेकून उभी होती, जराही घाई नाही. काकू कुशीवर वळल्या. कोपर टेकलं. श्वास घेतला. दोन्ही हात, मग गुडघे. पदर चिखलात लोळत होता, तो काकाजींनी पाहिला आणि उचलला नाही. रांगत त्या धुऱ्यापर्यंत आल्या, धुऱ्यावर दोन्ही तळवे ठेवले, एक पाय पुढे घेतला, थांबल्या. पाय थरथरत होता. मंडईतल्या स्पीकरवर एक गाणं संपून दुसरं लागलं. मग त्या उठल्या.

लुगडं झटकलं, चिखलाचा हात गालाला लागला होता तो तसाच ठेवून म्हणाल्या, "चला. भात थंडा होते." आणि बहिणीच्या मागे ती फट ओलांडून निघून गेल्या.

काकाजी तिथेच उभे. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात अजून सुटले नव्हते.

"तिले उठता येते," ते म्हणाले.

"हो."

"कवापासून?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं, पोळ्यापासून. रोज संध्याकाळी, तुम्ही स्टँडवर गेलात की. अर्धा तासच मिळायचा, म्हणून जरा वेळ लागला. मला वाटलं, आता संतापतील. त्यांनी ऐकून घेतलं. दूरवर त्या दोघी बहिणी धुऱ्याच्या वळणावर लहान लहान होत चालल्या होत्या.

"अर्धाच तास," ते म्हणाले. मग सदऱ्याच्या बाहीने चेहरा पुसला आणि पिशव्या उचलल्या. "बरं. उद्यापासून मी जरा उशिरा येत जाईन."